पंप दिला, चार्ट लावला, तरी पेशंट परत वाफ घ्यायला

पत्र: मॅडम, मी नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला एका नागरी आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. दम्याचे मोठ्या वयाचे पेशंट आमच्याकडे बरेच येतात, एपीएमसीत काम करणारे, एमआयडीसीतले, घरकामाला जाणाऱ्या बायका. सगळ्यांना मी पंपाचं नीट समजावून सांगते, भिंतीवर चार्ट लावलाय, पत्रकं देते, पण महिन्याभरात तेच लोक धापा टाकत परत नेब्युलायझरच्या मशीनवर औषधाची वाफ घ्यायला. मसाला मार्केटमधले एक काका तर रोटाकॅपच्या, म्हणजे मशीनमध्ये घालून आतली पावडर श्वासातून ओढायच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते, हे खूप उशिरा कळलं. एका ताईंनी बरं वाटतंय म्हणून पंपच बंद केला, सासूबाई म्हणाल्या सवय लागेल. मला एका पेशंटमागे दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात काय शिकवायचं आणि कसं? आणि कोजागिरीला दम्याचं औषध देतात तिकडे जाऊ का, असं विचारतात त्यांना काय सांगू? — एक सिस्टर, नवी मुंबई

सिस्टर, तुम्ही कमी सांगताय असं मला अजिबात वाटत नाही, उलट तुम्ही भरपूर सांगताय आणि पेशंट नुसता मान हलवतोय, घोळ तिथे होतोय. मी ठाण्यात फॅमिली प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडेही हे रोज बघते, "समजलं ना?" विचारलं की शंभरातले शंभर "हो मॅडम" म्हणतात, डॉक्टर किंवा सिस्टरसमोर नाही कोण म्हणणार. हे नुसतं माझं मत नाहीये बरं का, २००२ च्या सुमाराला कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने मोठ्या माणसांच्या दम्यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा असं दिसलं की नुसती माहिती दिली तर दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण काही कमी होत नाही. पण पेशंटने स्वतः लक्षणांवर किंवा पीक फ्लो मीटरवर (किती जोरात फुंकता येतं ते मोजायचं यंत्र) नजर ठेवली, ठरावीक काळाने तपासायला आला आणि त्रास वाढला तर काय करायचं हे त्याच्याकडे लिहून दिलेलं असलं, की भरती, इमर्जन्सीच्या फेऱ्या, कामाचे खाडे, रात्रीचा त्रास, सगळंच कमी होतं. म्हणजे चार्ट वाईट नाही, असू दे भिंतीवर, पण तुमची ती तीन मिनिटं चार्ट वाचून दाखवण्यात घालवू नका, पेशंटच्या हाताकडे बघण्यात घालवा.

आता ते काका. त्यांनी कॅप्सूल गिळल्या यात त्यांचा काही मूर्खपणा नाही, मेडिकलवाल्याने कॅप्सूल दिल्या, आयुष्यभर कॅप्सूल म्हटलं की पाण्याचा ग्लास, मग माणूस दुसरं काय करणार. असे पेशंट देशभर सापडतात. त्यामुळे पंप पहिल्यांदा लिहून दिला की मेडिकलमधून आणल्यावर परत तुमच्याकडेच यायला सांगा, पहिला डोस तुमच्यासमोर. आणि नंतरच्या प्रत्येक वेळी, बीपी बघायच्या आधी, "काका पंप आणलाय ना, घ्या बरं माझ्यासमोर, घरी घेता तसाच", एवढंच बोला आणि गप्प उभ्या राहा. मध्ये टोकू नका, पूर्ण होऊ द्या. तुम्हाला त्या अर्ध्या मिनिटात जे दिसेल ते पेशंटला कितीही प्रश्न विचारून कळणार नाही.

रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलची पावडर ओढायचं मशीन असेल तर हे बघा: कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली जाऊन ती चौकोनी भोकात वरपर्यंत सपाट बसली का, खालचा भाग पूर्ण फिरवला का, मग श्वास बाहेर सोडताना तोंड बाजूला केलं का, कारण बरेच जण नेमका त्या मशीनमध्येच फुंकतात आणि आतली पावडर दमट होऊन चिकटून बसते. त्यानंतर ओठ घट्ट मिटून एकदम जोरात आणि खोल ओढायचं, आत कॅप्सूलचा खुळखुळ आवाज आला पाहिजे, मग पंप तोंडातून काढून दहापर्यंत श्वास धरायचा. शेवटी उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर परत ओढायचं. आणि दाबायच्या पंपाचं बरोबर उलटं, तो आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळूहळू ओढायला सुरुवात करतानाच दाबायचा आणि ओढत राहायचं, इथेही दहापर्यंत धरायचं. दुसरा पफ घ्यायचा असला तर अर्धा-एक मिनिट थांबून, परत हलवून. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे पंप असतात ते हमखास गोंधळ करतात, पावडरवाला हळू ओढतात आणि दाबायचा जोरात, मग औषध सगळं घशात आणि छाती रिकामी. म्हणून शक्य असेल तिथे एका पेशंटला एकाच पद्धतीचं मशीन द्या, हे तुमच्या एमओंशी (मेडिकल ऑफिसरांशी) बोलून घ्या, याने डोक्याचा अर्धा ताप कमी होतो.

दाबायच्या पंपाबरोबर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, द्याच, मोठ्या माणसांनाही, तो काय फक्त लहान मुलांसाठी नसतो. आजी-आजोबांचा दाबणं आणि ओढणं याचा मेळ बसत नाही, स्पेसरने ती अडचणच जाते. धुताना साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच सुकू द्यायचा, फडक्याने घासून पुसला की प्लास्टिकला करंट धरतो आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं, ही गोष्ट फार कमी जणांना कोणी सांगितलेली असते. आणि रोज घ्यायच्या स्टिरॉइडवाल्या पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो, आवाज बसतो, आणि मग पेशंट म्हणतो पंपाने तोंड आलं, आणि बंद.

हे एकदा शिकवून झालं असं मात्र समजू नका. जीना म्हणून दम्याची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात स्पष्ट म्हटलंय की ७० ते ८० टक्के लोकांना पंप नीट घेता येत नाही, आणि चांगलं शिकवलं तरी चार ते सहा आठवड्यांत चुका परत येतात. म्हणजे तुमचे लोक महिन्याभरात परत येतात त्यात तुमचं शिकवणं वाया गेलंय असं नाही, ते उतरणारच होतं, परत शिकवावं लागतं, तेवढंच. प्रत्येक वेळी एकच चूक दुरुस्त करा, जी सगळ्यात मोठी आहे ती. पाच चुका एकदम दाखवल्या की माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी पंप घरीच विसरून येतो.

दुसरी गोष्ट, कुठला पंप कशासाठी. दम्यात श्वासनळी आतून सुजलेली असते, त्रास नसतानाही ती सूज थोडीफार असतेच, आणि धूळ, धूर, सर्दी असं काही लागलं की नळीचे स्नायू आवळतात, चिकट कफ येतो, धाप लागते. धापेचा साल्ब्युटामॉलवाला पंप फक्त ते आवळलेले स्नायू सैल करतो, पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं म्हणून लोकांना तोच खरा वाटतो, सुजेला तो काहीही करत नाही. सूज उतरवणारा तो श्वासातून घ्यायचा स्टिरॉइडवाला पंप, त्याने लगेच काही जाणवत नाही म्हणून तोच आधी बंद होतो. २०१९ पासून जीनाने मोठ्यांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय, स्टिरॉइडचा पंप कुठल्या ना कुठल्या स्वरूपात हवाच, आणि बऱ्याच पेशंटना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (स्टिरॉइड आणि नळी सैल करणारं औषध एकत्र) असा एकच पंप रोजचा म्हणून आणि धापेचा म्हणूनही चालतो. तुमच्याकडे काय मिळतं त्यावर आहे, ते एमओ ठरवतील. पण दोन वेगळे पंप असतील तर रंगावर विसंबू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो, सरळ पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने मोठ्या अक्षरात "रोज" आणि "धाप" लिहा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना 'रोज'च्या पंपावर सूर्य-चंद्र काढून द्या.

धापेचा पंप किती वापरला जातोय हे विचारू नका, मोजा. एका पंपात साधारण २०० पफ असतात, काउंटर असेल तर आकडा केसपेपरवर लिहा, नसेल तर मेडिकलमधून कधी आणला ती तारीख डब्यावरच लिहा. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघायची एक पद्धत लोक सांगतात, ती भरवशाची नाही. वर्षाला असे तीन किंवा जास्त डबे लागले तर मोठा अटॅक यायचा धोका वाढतो आणि महिन्याला एक म्हणजे वर्षाला बारा लागले तर जीव जायचाही. तुमच्याकडे नेब्युलायझरला वारंवार येणाऱ्यांची एक यादी काढा आणि त्यांच्या धापेच्या पंपाचा हिशेब बघा, त्यातले खूप जण रोजचा पंप घेतच नसतात, आणि त्यांनाच तुमच्या वेळेची सगळ्यात जास्त गरज आहे. उरलेल्यांना एक मिनिट चालेल.

सवयीचं बोलू. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचं औषध", "स्टिरॉइड आहे, हाडं ठिसूळ होतील", हे तुम्हीही रोज ऐकत असाल. हे असं उडवून लावू नका, कारण स्टिरॉइडच्या भीतीत तथ्य आहे, फक्त ती चुकीच्या औषधाला चिकटलीये. गोळ्या आणि इंजेक्शनमधलं स्टिरॉइड वारंवार गेलं तर शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, आणि गंमत नाही, पंपाला घाबरणारे हेच लोक दर पावसाळ्यात कुठेतरी जाऊन "दम्याची सुई" मारून घेतात, तीत काय असतं ते त्यांना कोणी सांगत नाही. पेशंटला आकडा दाखवा, मला याचा फार उपयोग होतो: साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, आणि पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅम, चाळीसावा हिस्सा, कारण औषध पोटातून रक्तात फिरून न येता सरळ छातीत जातं. गोळीने हात थरथरतात, छातीत धडधडतं, ते का हे मग त्यांना आपोआप कळतं. आणि रोजचा पंप बरं वाटत असताना का घ्यायचा तर बीपीच्या गोळीसारखंच, डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी कोणी सोडत नाही. घरात कोणाला तरी बीपी असतंच, लगेच पटतं.

त्या ताईंच्या बाबतीत मात्र ताईंना समजावून काही होणार नाही, सासूबाईंना बोलवा. एरवी आपण पेशंटशीच बोलतो आणि घरी निर्णय घेणारं माणूस बाहेर बाकड्यावर बसलेलं असतं. "आजी, जरा आत या, सुनेची तुम्हाला काळजी आहे म्हणून बोलवलं", अशी सुरुवात करा, पंप त्यांच्या हातात द्या, कसा घ्यायचा ते सुनेला करायला लावा आणि आजींना बघायला सांगा की चुकतंय का. तपासण्याचं काम आजींकडे गेलं ना की त्याच रोज विचारतात, पंप घेतलास का गं. आणि ताईंना हे नक्की सांगा की कमी करायचा पंप कमी होतो, चांगले तीन-एक महिने काही त्रास नसला की डॉक्टर डोस उतरवतात, पण ते डॉक्टरांनी, हळूहळू. जन्मभर हाच डोस असं वाटलं तर कोणीही सोडून देईल.

"कसं आहे?" विचारलं की "ठीक आहे" येतं, हे सोडून द्या. गेल्या चार आठवड्यांचं चार गोष्टींत विचारा, दिवसा धाप-घरघर आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झाली का, रात्री दम्याने जाग आली का, धापेचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि दम्यामुळे काही काम टाळलं का. पहिल्या तिन्हीला नाही म्हणणारा माणूस चौथ्याला अडकतो, स्टेशनचा जिना टाळून लांबून फिरून जातो, डोक्यावर पोतं घेत नाही, दुसऱ्या मजल्यावरचं काम सोडलं, त्याला तो दमा धरतच नाही, वय झालं म्हणतो. एकही हो नसेल तर दमा ताब्यात आहे, एक-दोन हो असतील तर अर्धवट, तीन-चार असतील तर एमओंकडे त्याच दिवशी. याला एक मिनिटही लागत नाही.

आता तो कागद. छापील फॉर्म मिळाला तर उत्तम, नाहीतर केसपेपरच्या मागे लिहा, पेशंटच्या भाषेत. काकांसाठी मी असं काहीसं लिहीन, डोसचे आकडे एमओ भरतील: "बरं असताना: 'रोज'चा पंप सकाळी __ संध्याकाळी __, चूळ. खोकला वाढला, रात्री जाग आली, 'धाप'चा पंप रोज लागायला लागला: 'रोज'चा पंप __ पर्यंत वाढवा, दोन दिवसांत सिस्टरला दाखवा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, आडवं होता येत नाही, ओठ निळसर, 'धाप'च्या पंपाने फरक नाही किंवा चार तासांत परत धाप: १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत स्पेसरमधून एकेक करत ४ ते १० पफ, दर २० मिनिटांनी परत, एकट्याने रिक्षाने जायचं नाही." एवढंच, यापेक्षा जास्त नको. मग काकांना विचारा, "रात्री दोनला बोलता येईना झालं तर काय कराल, मला सांगा", आणि त्यांच्या तोंडून ऐका. सांगता आलं नाही तर आपण लिहिलेलं अवघड आहे, सोपं करून लिहा. कागदाचा फोटो त्यांच्या आणि घरातल्या एकाच्या मोबाइलवर काढून द्या, कागद पावसात भिजतो.

पथ्यांची लांबलचक यादी देऊ नका, कृपा करून. केळं नको, दही नको, भात नको, थंड नको, बिचारी माणसं आधीच अर्धपोटी काम करतात. एखाद्याला एखादा पदार्थ खरंच लागत असेल तर तेवढाच बंद. त्यापेक्षा घरात रात्री डासांची कॉइल लावता का, देवापुढे धूप-अगरबत्ती बंद खोलीत का, पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते का, बिडी-सिगरेट कोण ओढतं, आणि बायकांना आवर्जून विचारा घरात मिश्री भाजता का, तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो धूर छोट्या खोलीत भयंकर असतो आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. या सगळ्यातली एक गोष्ट निवडा, जी त्याला बदलता येईल, तीच. समोरच्या रस्त्यावरची धूळ, एमआयडीसीतला वास, हे त्याच्या हातात नाही, त्यावर भाषण देऊन उपयोग नाही. अंगदुखीला कुठली गोळी खाता हेही विचारा, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी काहींचा दमा अचानक भडकतो, आणि बीपीसाठी किंवा डोळ्यांच्या थेंबांतून बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू आहे का हे एमओंना बघायला सांगा.

काकांचं काम हा वेगळाच विषय आहे. मिरचीची पोती उचलणारा, चक्कीवर पिठात उभा असणारा, स्प्रे पेंटिंग करणारा माणूस आला की मी एकच विचारते, सुट्टीच्या दिवशी किंवा गावाला गेल्यावर बरं वाटतं का. हो म्हणाला तर तो दमा कामामुळे होत किंवा वाढत असू शकतो, आणि हे लवकर पकडलं तर फायदा होतो, वर्षं गेली की कामावरून हटूनही पूर्ण जात नाही. पीक फ्लो मीटर असेल तर दोनेक आठवडे कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायला सांगा, फरक दिसला तर ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा, कळव्याला किंवा वाशीला महापालिकेच्या हॉस्पिटलात. पण "काम सोडा" असं पटकन म्हणू नका, घर त्याच्यावर चालतं, एकदा तसं ऐकलं की तो परत येणार नाही. मुकादमाकडे बोलून पोती फोडण्या-झाडण्याच्या जागेवरून भरण्याच्या किंवा मोजण्याच्या जागेवर येता येईल का, हे त्यांनाच विचारा, त्यांना तिथलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. तोंडाला रुमाल बांधतात त्याने बारीक धूळ अडत नाही, एन-९५ नीट बसवला तर काही प्रमाणात अडते.

एक खबरदारी, दोन आठवड्यांवर खोकला असेल तर दम्याचा पेशंट असला तरी थुंकी तपासायला पाठवाच, आपल्या भागात टीबी विसरून चालणार नाही. आणि वर्षानुवर्षं बिडी ओढलेला किंवा पाय सुजणारा माणूस असेल तर दमाच आहे का हे एमओंकडून एकदा नक्की करून घ्या.

राहिली कोजागिरी. खिरीतून, दुधातून औषध देतात, लोक लांबलांबून जातात, त्यांना रागावू नका, आणि "त्याने काही होत नाही" असं तोंडावर म्हणूनही काही साधत नाही, पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत आणि गुपचूप पंप बंद करतील, खरा धोका तो आहे. दम्याचे अटॅक तसेही येतात-जातात, औषध घेतल्यावर योगायोगाने चार आठवडे बरे गेले की पंप सुटतो आणि थंडी सुरू झाली की मोठा अटॅक. तर त्यांना सांगा, श्रद्धा असेल तर जा, खिरीत काय घातलंय ते विचारून या, गर्दीत आणि दवात रात्र काढायची आहे तर कानटोपी आणि 'धाप'चा पंप खिशात हवा, संध्याकाळचा 'रोज'चा पंप निघण्याआधी घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळचाही घ्या, आणि तिथे कोणीही पंप बंद करा म्हणालं तर बंद करायच्या आधी मला येऊन विचारा. आणि त्यांच्या केसपेपरवर कोजागिरीनंतरच्या आठवड्यातली तारीख घालून ठेवा, त्या दिवशी पंप हातात घेऊन यायचं.